ओल लागली, तिथं थांबलो

वैशाख निम्मा सरला की आमच्या घराला भेग पडते. मधल्या दाराच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून ती निघते आणि तिरकी वर जाते, पार पत्र्यापर्यंत. नवीन माणूस बघून घाबरतो. मी घाबरत नाही. आषाढात चार पाऊस चांगले झाले की ती आपली आपण मिटते, आणि दिवाळीला आलेल्या पाहुण्याला तर ती कुठं होती हे बोट लावून दाखवावं लागतं. आमच्या घरात दोन कॅलेंडरं आहेत. एक खिळ्याला टांगलेलं आणि एक हे.

यंदा भेगेत माझी केसातली पिन उभी बसली, म्हणजे ऊन कडक आहे. त्याच दिवशी धाकटा मुलगा म्हणाला, मागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या काढायच्या. मग पुढचा प्रश्न त्यानं अशा तोंडानं विचारला, की जगात तो पहिल्यांदा त्यालाच पडला असावा: ठेकेदाराला द्यायचं, की माल आणून आपणच उभं राहून करायचं? पाया कसा भरतात याचे व्हिडिओ त्यानं फोनवर बघून ठेवले होते. मी म्हणाले, आधी जेवून घे. तो जेवला आणि झोपला. मला मात्र दुपारभर डोळा लागला नाही.

हाच प्रश्न या घरात एकदा येऊन गेला होता. तेव्हा घर नव्हतं, नुसता प्रश्नच होता.

आम्ही दोघंही मास्तर. मी प्राथमिकला, हे हायस्कुलात गणित शिकवायचे. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत परभणीत आम्ही सहा खोल्या बदलल्या. एकीत नळ होता पण मालकीणबाईच्या आधी पाणी भरायचं नाही. एकीत खिळा ठोकायची बंदी होती, म्हणून देवाची तसबीर वर्षभर पिठाच्या डब्याला टेकून उभी होती. माझा कढीपत्ता डालड्याच्या डब्यात वाढत होता आणि दर बदलीला मी तो मांडीवर घेऊन टांग्यात बसायची. सहाव्या खोलीच्या मालकानं निरोप दिला, पोराचं लग्न ठरलंय, मृगाच्या आधी खोली मोकळी करा. त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, सातवी खोली मी बघायची नाही. तुम्हाला बघायची तर बघा, मी येणार नाही.

प्लॉट घेऊन ठेवलेला होता. गावाबाहेर, आदल्या वर्षापर्यंत जिथं कापूस उभा होता तिथं. आमच्याकडं जुनी माणसं घर पांढरीत बांधायची आणि काळीत पेरायची. गाव म्हणजे पांढरी, शिवार म्हणजे काळी, यात कधी कुणी गल्लत केली नाही. शहर वाढायला लागलं, पांढरी पुरेना, तेव्हा काळीत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले आणि आम्ही नोकरदार मंडळी तिथं घरं बांधायला निघालो. मातीला कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही नाही.

ह्यांचं गाव ताडकळस. लतीफमिस्त्री त्याच गावचे, शाळेत ह्यांच्या शेजारी एका गोणपाटावर बसलेले. चौथीनंतर त्यांनी थापी हातात धरली आणि ह्यांनी खडू. आमचं घर लतीफभाईच बांधणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. पण त्या उन्हाळ्यात ते मानवतला एका आडत्याचं गोदाम बांधत होते आणि पंधरा दिवस सुटणार नव्हते. त्यांनी निरोप पाठवला, की खणायला माणसं लावा, खाली कठीण लागून पहार वाजेपर्यंत खणा, पण मी आल्याबिगर आत दगड टाकू नका.

माणसं लावायची म्हटल्यावर हे उसळले. शेतकऱ्याच्या पोरानं मातीत खड्डा करायला माणूस लावायचा? गावात तोंड दाखवू का नको? मी म्हणाले, लावा की, पाठ धरेल. पाठ धरली तर शेक दे, म्हणाले. शाळेचा निकाल लागला, कपाटांना कुलपं पडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हे लुंगी खोचून, डोक्याला उपरणं बांधून काळीत उतरले. मी घमेलं घेऊन मागं.

वैशाखातली काळी ज्यानं खणली नाही त्याला सांगून कळायचं नाही. वर नुसत्या भेगा. कोपरापर्यंत हात जाईल अशा. टिकाव मारला की ढेकूळ उडतं आणि नडगीवर बसतं. पहिले तीन दिवस ह्यांच्या तळहाताला फोड, चौथ्या दिवशी ते फुटले, पाचव्यापासून त्यांचा विषय निघाला नाही. सकाळी नऊपर्यंत खणायचं, मग ऊन डोक्यावर आलं की गाशा गुंडाळायचा, संध्याकाळी परत. हेडमास्तर सायकल वाकडी करून मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, काय हो, सुट्टीत जोडधंदा? ह्यांनी खड्ड्यातूनच नमस्कार केला. मला राग आला होता, पण खरं सांगते, मजाही येत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून एक काम करत होतो आणि त्यात तपासायच्या वह्या नव्हत्या.

अकराव्या दिवशी ह्यांनी मला खड्ड्यात उतरवलं. कमरेइतकं खोल झालं होतं. तळाची माती काळी कुळकुळीत, पायाला गार लागत होती. ह्यांनी मूठभर उचलली, दाबली, मूठ उघडली. मातीचा लाडू तळहातावर तसाच बसलेला.

"ओल लागली," हे म्हणाले. "वैशाखात ओल. सोन्यासारखी जमीन घेतली बघ आपण."

त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी पुढं त्यांच्या तोंडावर फार वेळा बघितलं नाही. सगळं आयुष्य शेतात गेलेल्या बापाचा मुलगा तो. ओल लागली म्हणजे जमीन पावली, ओल लागली म्हणजे आता पेरायचं, हे त्यांना पाटीवरच्या अक्षरांच्या आधी शिकवलेलं. पण आम्ही तिथं पेरायला गेलो नव्हतो. हे त्या वेळी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी मी लोकांत पुष्कळ वर्षं ह्यांच्या नावावर खपवली. ओल लागल्यावर हे लगेच दगड भरायला निघाले नव्हते. खड्ड्याच्या काठावर बसून तंबाखू मळत म्हणाले, लतीफ येईपर्यंत चार दिवस थांबू का? त्याच सकाळी मालकीणबाई आमच्या खोलीत येऊन गेली होती. सुनेचा पलंग कुठं बसेल हे ती सुतळीनं मोजत होती. माझी चूल चालू होती आणि ती माझ्या पाठीमागून सुतळी ओढत होती. ती सुतळी माझ्या डोक्यात होती.

मी म्हणाले, "बास झालं. भरून टाका."

ह्यांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. दुपारी दगडाची गाडी सांगून आले.

लतीफभाई आले तेव्हा पाया जमिनीच्या वर आला होता. हातावरच्या जखमा दाखवाव्यात तसा ह्यांनी तो त्यांना दाखवला. लतीफभाईंनी सायकल बाभळीला टेकवली, पायाच्या कडेनं एक चक्कर मारली, एका जागी बसून दगडाच्या सांध्यात बोट घातलं. मग विचारलं, "वाजली का?"

"ओल लागली की," हे म्हणाले.

"मी वाजली का इचारायलोय."

लतीफभाईंनी विचारलं, भरायला कुणी सांगितलं. मी तिथंच होते, हातात चहाची किटली घेऊन. ह्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीच भरलं, म्हणाले. लतीफभाईंनी बोटाची माती पुसली. मग म्हणाले, "मास्तर, दुसऱ्याच्या पायावर मी भित उचलत न्हाई. माझ्या बापानंबी कधी उचलली न्हाई." आणि सायकल काढली. चहा कपात ओतलेला होता. तो तसाच राहिला. जातिवंत कारागिरांचा तो कायदाच होता. उद्या भिंत कलली तर लोक पाया विचारत नाहीत, भिंत कुणाची एवढंच विचारतात. आज मला ते कळतं. त्या दिवशी मी म्हणाले, गेला तर गेला, ताठा बघा केवढा.

मग सगळंच आमच्यावर आलं. ह्यांनी ओळंबा विकत आणला. गणिताच्या मास्तरला काटकोन काय अवघड, असं आधी वाटलं. पहिल्या दिवशीची भिंत संध्याकाळी बघितली तर गरोदर बाईसारखी पुढं आलेली. उतरवली. परत चढवली. मी विटा भिजवायची, चिखल कालवायची, वर द्यायची. माझ्या नखांतला चिखल शाळा उघडली तरी निघाला नव्हता, आणि पहिलीतल्या एका पोरीनं विचारलं होतं, बाई, तुम्ही चुलीला पोतेरा रोज घालता का?

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. कधी मोर्चा, कधी बंद. बंद असला की विटांचा ट्रक यायचा नाही आणि आमचं काम आपोआप सुट्टीवर. भिंत खांद्याइतकी झाली आणि एका सकाळी तिच्यावर निळ्या रंगात नामांतर झालंच पाहिजे असं लिहिलेलं निघालं. चार दिवसांनी खाली गेरूनं कुणीतरी उलट लिहिलं. माझं मत निळ्या बाजूला होतं आणि मी ते शाळेच्या स्टाफरूममध्येही लपवलं नव्हतं, त्यापायी दोघीतिघींनी माझ्याशी बोलणं तोडलं होतं. ह्यांना मात्र वेगळाच आनंद. म्हणाले, कुणीतरी लिहिलं म्हणजे ही भिंत आहे हे लोकांनी मानलं. गेरूवर चुन्याचा हात फिरवला. निळं पुढच्या दिवाळीपर्यंत होतं.

मृगाच्या आधी तीन दिवस आम्ही राहायला आलो. दारांना कड्या नव्हत्या, पडवी व्हायची होती, पण पत्रे चढले होते. मी कढीपत्त्याचा डबा कापला आणि रोप घराच्या कोपऱ्याला, भिंतीला लागून, जमिनीत लावलं. मग तिथंच बसून रडले. वास्तूच्या जेवणाला सगळे आले, लतीफभाई आले नाहीत. ह्यांनी त्यांच्यासाठी एक पान वाढायला लावलं आणि शेवटपर्यंत उचलू दिलं नाही. मी म्हणाले, माशा बसायल्यात. बसू दे, म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात भेग पडली. ह्यांनी ज्येष्ठात सिमेंट कालवून ती गच्च भरली आणि हात झटकले. पावसाळ्यात माती फुगली, भिंत जागेवर यायला निघाली, तर जागा आधीच भरलेली. भरलेलं सगळं एका दुपारी सुटलं आणि माझ्या वरणात पडलं. त्या शेजारी दुसरी भेग निघाली. तिसऱ्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या एका कोपऱ्यातल्या भेगेत माझा हात मावला, आणि दार लागेनासं झालं. ह्यांच्या ओळखीचे एक इंजिनिअर येऊन बघून गेले. बॅटरी मारून बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, पावसाळा या घरात काढू नका. कुठंतरी खोली बघा.

खोली बघा. या तीन वर्षांत मी आयुष्यात पहिल्यांदा खिळे ठोकले होते, हव्या त्या भिंतीत, हवे तेवढे. हे खाटेवर बसून राहिले. रात्री जेवले नाहीत. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, कारण या माणसानं माझं नाव त्या दिवशी घेतलं नव्हतं आणि त्यानंतर भांडणातसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

ताडकळसचा बाजार होता त्या दिवशी मी एकटीच एसटीत बसले. ह्यांना सांगितलं, भाजी आणायला जाते. परभणीची बाई भाजीला ताडकळसला कशाला जाईल, हे ह्यांनी विचारलं नाही. लतीफभाई बाजारात लोहाराच्या पालापुढं उभे होते, छिन्नीला धार लावून घेत होते. मी सगळं ठरवून गेले होते, कसं सुरू करायचं, काय बोलायचं. समोर गेल्यावर एवढंच आलं, "लतीफभाई, भरायला मी सांगितलं होतं. हे थांबणार होते."

ते छिन्नीकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर तर म्हणले, मीच भरलं."

"खोटं बोलले."

"पहिलीपासून वळखतो," ते म्हणाले. "मास्तरला खोटं बोलता येतंय, हे मला ठावं न्हवतं." लोहाराला छिन्नी लवकर आटप म्हणून सांगितलं आणि मला म्हणाले, उद्या येतो, मास्तरला टिकाव काढून ठेवायला सांगा. मी खरोखरच भाजी घेऊन घरी आले. दोडके होते, कडू निघाले.

दुसऱ्या दिवशी लतीफभाई दोन बल्ल्या सायकलला बांधून आले. ह्यांना राम राम नाही, काही नाही, जसं काही काल संध्याकाळीच भेटले होते. कोपऱ्याला बल्ल्यांचा टेकू दिला. मग पायाच्या खालून, एका वेळी हातभरच जागा, खणायला सांगितलं. ह्यांना. स्वतः काठावर बसून राहिले. मी म्हणाले, मजूर आणू का एखादा? लतीफभाई म्हणाले, नको. हे खणत होते, छातीइतके आत गेले. ओल लागली तशी ती संपेचना. चिकट, काळी, टिकावाला लोण्यासारखी धरून बसणारी. दर घावाला धप्, धप्. लतीफभाई डोळे मिटून ऐकत होते. तेव्हा मला कळलं, शेतकरी माती हातात घेऊन बघतो आणि मिस्त्री ती कानानं बघतो. दोघंही तिला ओळखतात, पण एकाची ओळख दुसऱ्याच्या कामाला येत नाही. ह्यांची माती ओळखण्यात काही चूक नव्हती. पेरायला ती जमीन उत्तमच होती.

तिसऱ्या प्रहरी मातीचा रंग फिका झाला, चुनखडीचे खडे लागले. मग लतीफभाईंनी पहार आत दिली. ह्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून सोडली आणि खालून आवाज आला. शाळेची घंटा लांबून ऐकू यावी तसा. हे पहार धरून तसेच उभे. लतीफभाईंनी डोळे उघडले, मान वळवून स्वयंपाकघराकडं बघितलं.

"वैनी, वाजली. चहा टाका."

तो चहा ते तीन वर्षांनी प्याले. बशीत ओतून, फुंकर घालून, दोन कप. त्यानंतर पंधरा दिवस दोघं मिळून खालून दगड भरत वर येत गेले, हातभर हातभर करत, दक्षिणेकडचे दोन्ही कोपरे. दुसऱ्याच्या पायावर भिंत न उचलणारा माणूस दुसऱ्याच्या पायाखाली जाऊन पाया घालत होता. मी त्यांना तसं म्हणाले तेव्हा म्हणाले, त्याचा कायदा माझ्या बापानं सांगितला न्हवता, मग मी काय करू. माझा कढीपत्ता त्यांनी कोपऱ्यातून उपटायला लावला. झाड भिंतीजवळची ओल पितंय, वैनी, मग माती आकसती. दहा हात लांब लावा. लावला. मधल्या दाराची भेग मात्र ठेवली. तिथं खालून खणलं असतं तर चौकट गेली असती. म्हणाले, ही राहू द्या, हिच्यानं घर पडत न्हाई. पण भरू नका. मिटायला तिला जागा लागती.

लतीफभाई गेले त्याला बरीच वर्षं झाली, ह्यांना जाऊन चार. भेग दर वर्षी येते आणि जाते.

धाकट्यानं शेवटी ठेकेदारालाच दिलं. मी अडवलं नाही. आपण करावं की लोकांना द्यावं, याचं उत्तर मला अजून आलेलं नाही. आम्ही स्वतः केलं आणि चुकलो, हे खरं. पण त्या अकरा दिवसांतलं घमेलं मला कुणी परत देणार असेल तर मी आजही डोक्यावर घेईन. मान दुखते, तरीही.

परवा मशीन आलं. आम्हाला अकरा दिवस लागले ते त्यानं चहा होईपर्यंत केलं. कॉलमचे खड्डे झाले. दुपारी काँक्रीटची गाडी यायची होती. धाकटा खड्ड्याच्या काठावर, एका हातात फोन, दुसऱ्यानं घाम पुसत होता. बँकेतून दोन तासांची सुट्टी घेऊन आला होता. मी वाकून बघितलं. कमरेच्या थोडं खाली, तळाला काळी कुळकुळीत माती, चमकत होती. ठेकेदाराचा माणूस घड्याळ बघायला लागला होता.

"आई, बास झालं," धाकटा म्हणाला. "भरून टाकू?"

शब्द माझे होते. सूरही माझाच होता. त्याचा त्याला काय दोष, घाईत माणूस हेच बोलतो. मी घरात गेले, दारामागची ह्यांची पहार काढली. मला ती आता पेलत नाही, म्हणून ओढत आणली आणि ठेकेदाराच्या माणसाच्या हातात दिली. आत उतर आणि सोड, म्हणाले. मशीन जरा बंद कर. तो हसला, पण उतरला.

धप्.

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. मी कढीपत्त्याच्या सावलीत खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "खणा."